बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांची निवासी काळजी: बेळगाव सीमाभागातल्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, इकडे हल्याळ-जोयड्यापर्यंतच्या मराठी घरांतून हे प्रश्न येतात. बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच असतं. मुलगा किंवा मुलगी पस्तिशी-चाळिशीची, आईची सत्तरी उलटलेली, वडील थकलेले किंवा गेलेले, भावंडं पुण्या-बेंगळुरात. निवासी केंद्राचा विचार बहुधा कुणीतरी आजारी पडल्यावर घाईघाईत होतो आणि घाईत फक्त इमारत बघितली जाते. खालची उत्तरं ती घाई टाळण्यासाठी आहेत.

डॉक्टर ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात, कार्डावर दुसरंच लिहिलंय. नेमकं काय?

ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे आपण ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतो ती. भारतीय कायद्यात अध्ययन अक्षमता वेगळी: वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही, बाकी समज वयानुसार असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात हे दोन्ही स्वतंत्र मोजले आहेत. घरात ‘गतिमंद’ म्हणतात, जुन्या कागदांवर ‘मतिमंद’ असतं. निवासी काळजीसाठी दाखल्यावर बौद्धिक अक्षमता असंच हवं.

दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवताना सामाजिक परिपक्वतेची चाचणी घेतात आणि सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र अशा पातळ्यांना अनुक्रमे 50, 75, 90 आणि 100 टक्के मिळतात. ही चाचणी मुख्यतः आईवडिलांना विचारून भरली जाते. विचारणारा कन्नडमधून विचारत असेल आणि तुम्हाला अर्धवट समजत असेल, तर तसं सांगा, दोन्ही भाषा येणारा माणूस बरोबर न्या. दुसरी चूक मायेपोटी होते. “आंघोळ करतो का?” म्हटल्यावर आई “करतो की” म्हणते. पाणी तिनं काढलेलं असतं, साबण तिनं लावलेला असतो, तो फक्त तांब्या ओततो. असं असेल तर “करवून घ्यावी लागते” म्हणा. नुसतं “करतो” म्हटलं की टक्के तर कमी पडतातच, शिवाय पुढे केंद्रातही त्याला कमी मदत मिळते.

मनोरुग्णांच्या दवाखान्यात ठेवता येईल का?

राहण्यासाठी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली आहे. नैराश्य, भास, टोकाचा उद्रेक असं काही सोबत आलं, तर धारवाडच्या डिम्हान्ससारख्या मानसिक आरोग्य संस्थेत दाखवणं योग्यच. पण उपचार संपले की परत यायला हवं, तो वॉर्ड म्हणजे घर नव्हे.

मग जागा कोणत्या प्रकारच्या असतात?

विशेष शाळेला जोडलेलं वसतिगृह बहुधा 18 वर्षांपर्यंतच असतं. “नंतरही राहील, बघू” असं तोंडी आश्वासन धरून चालू नका. प्रौढांसाठी कायम निवासाची केंद्रं वेगळी असतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना प्रौढांच्या सामूहिक घरांसाठी होती आणि ‘समर्थ’ योजनेतून थोड्या दिवसांचा आधार-निवास मिळायचा, आता दोन्ही मिळून ‘समर्थ-सह-घरौंदा’ अशी एकच निवासी योजना आहे. त्याखेरीज धर्मादाय न्यास चालवतात ती घरं, आणि पूर्ण फी घेणारी खासगी केंद्रं.

जवळ काय आहे ते जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीतल्या पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठा, लोक त्यांना ‘व्हीआरडब्ल्यू’ म्हणतात. तालुक्याला त्यांच्या वरचे ‘एमआरडब्ल्यू’ असतात.

केंद्राची नोंदणी कशी तपासायची?

2016 च्या कायद्याच्या कलम 50 नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. प्रमाणपत्राचा फोटो मागा आणि त्यावर चार गोष्टी बघा: संस्थेचं नाव, पत्ता, मुदत आणि कोणत्या कामासाठी नोंदणी आहे. धर्मादाय न्यासाची किंवा सोसायटीची नोंदणी म्हणजे ही नोंदणी नव्हे, तिथेच बहुतेक जण फसतात. दिवसाच्या शाळेची परवानगी दाखवून वर पंधरा प्रौढ ठेवलेले असू शकतात. पत्ताही नीट जुळवा, कारण मूळ इमारतीची नोंदणी असते आणि तुमच्या माणसाला ‘शाखेत’ पाठवलं जातं.

नोंदणी नसेल तर कितीही प्रेमळ माणसं असोत, आमचं उत्तर नाही असंच आहे. तक्रार करायची वेळ आली की सगळं तिथेच अडतं.

पहिल्या भेटीत काय बघायचं?

दोन भेटी द्या. एक वेळ ठरवून, दुसरी न ठरवता, संध्याकाळी साडेपाच ते आठच्या मध्ये. दिवसाचे कर्मचारी गेलेले असतात, रात्रीचे येत असतात, जेवण वाढायचं असतं. केंद्राचा खरा चेहरा त्या अडीच तासांत दिसतो.

ऑफिसात बसून माहितीपत्रक घेण्याआधी न्हाणीघर बघायला मागा. ब्रश किती आहेत, त्यांवर नावं किंवा खुणा आहेत का, सकाळी नऊला गेलात तर ते ओले आहेत का. एका खुंटीवर एक टॉवेल आहे की सगळ्यांना मिळून दोन. दाराला आतून कडी नको, पण दार बंद होणारं हवं. जमीन घसरडी नको, भिंतीला धरायला दांडा हवा. गरम पाणी बादलीत काढून देतात की गीझरचा नळ थेट उघडतात ते विचारा, कारण भाजण्याच्या घटना इथेच घडतात.

मग कपाट. कपडे प्रत्येकाचे वेगळे आहेत की ढिगातून उचलून कुणालाही घालतात? खानापूरच्या पट्ट्यात पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. जुलै-ऑगस्टात ओलसर कपडे अंगावर राहिले की जांघेत गजकर्ण आलंच. वाळवायला आडोसा आहे का आणि प्रत्येकाचे किमान पाच-सहा जोड आहेत का, हे विचारायला संकोचू नका.

मग माणसं. कर्मचारी राहणाऱ्यांशी बोलतात की त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात? कुणी हाक मारली तर वळून बघतात का? चाळीस वर्षांच्या माणसाला “ए बाळा, बस तिथं” म्हणतात की नावानं हाक मारतात? रात्री जागं राहणारं माणूस आहे का? ‘रात्रीची मावशी इथंच झोपते’ हे उत्तर फिट येणाऱ्या किंवा रात्री उठणाऱ्या माणसासाठी पुरेसं नाही. खायला, धुवायला, चालायला मदत लागणारे असतील, तर जागेपणी तीन-चार जणांमागे एक काळजीवाहक तरी हवा, असं आमचं मत आहे. वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले तेही विचारा. दर तीन महिन्यांनी चेहरे बदलत असतील तर तुमच्या माणसाचं बोलणं कुणालाच कळणार नाही.

महागडी जागा चांगली असेल असं गृहीत धरू नका. ब्रिस्टलजवळच्या ‘विंटरबोर्न व्ह्यू’ या खासगी रुग्णालयात माणशी आठवड्याला सुमारे 3,500 पौंड घेतले जात होते. 2011 मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणात तिथल्या बौद्धिक अक्षम रुग्णांना होणारी मारहाण बाहेर आली, आणि पुढच्या वर्षी अकरा जणांना शिक्षा झाली.

आमच्या मुलाला फक्त मराठी कळतं. केंद्रातले सगळे कन्नड बोलतात. चालेल का?

चालू शकतं, पण आपोआप नाही. सीमाभागात काळजीचा दर्जा पहिल्यांदा इथेच घसरतो, म्हणून हे उत्तर सगळ्यांत सविस्तर देतो.

जेवायला बोलावताना कर्मचारी “ऊटा, ऊटा” म्हणतात. कन्नडमध्ये ऊट म्हणजे जेवण. मराठी कानाला ते “उठा” ऐकू येतं. आपला माणूस आज्ञाधारकपणे ताटावरून उठतो. पुन्हा बसवतात, पुन्हा “ऊटा”, पुन्हा उठतो. आठवड्यात नोंदवहीत शेरा पडतो: जेवायला बसत नाही, हट्टी आहे. तसंच दात घासताना “हल्लु” म्हणजे दात, आणि आपल्याला ते “हळू” वाटतं. दोन्हीकडे कुणाचीच चूक नसते, पण शेरा एकाच्याच नावावर बसतो, आणि त्या शेऱ्यावरून कधी कधी गोळीही सुरू होते.

म्हणून दाखल करण्याआधी परिचय-वही करा. शंभर पानी नको, वीस पानं पुरेत. डाव्या पानावर मराठी, उजव्यावर कन्नड, शेजारचा कन्नड येणारा मुलगा तासाभरात लिहून देईल. पहिल्या पानावर फोटो, नाव, लाडाचं नाव आणि कोणत्या हाकेला ओ देतो ते. पुढे त्याचे स्वतःचे शब्द, जसे तो उच्चारतो तसे, आणि त्यांचा अर्थ. ‘मम्’ म्हणजे पाणी की भात? शर्टाची बाही चावतो तेव्हा भूक असते की लघवी? नको असेल तर तोंड फिरवतो की हात ढकलतो? दुखतंय हे कसं कळतं, हे वेगळ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: गप्प बसतो, डोकं आपटतो, एकाच कुशीवर झोपतो, खात नाही, काय असेल ते.

कर्मचाऱ्यांकडून दहा-बारा मराठी शब्द पाठ करून घ्या: पाणी, जेवण, संडास, दुखतंय, नको, बस, चल, आई येणार. आणि मुलाला घरीच सहा महिने आधी त्यांचे शब्द ऐकवायला लागा: नीर म्हणजे पाणी, बेड म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, नोवु म्हणजे दुखणं, बा म्हणजे ये. शब्द वस्तूसोबत शिकवा. पेला हातात देतानाच “नीर, पाणी” असं म्हणा. चित्रांची कार्डंही करा, मोबाइलवर त्याच्याच पेल्याचा, ताटाचा, अंथरुणाचा फोटो काढून छापलेली. छापील चित्रातला पेला वेगळा असतो, तो त्याला ओळखू येईलच असं नाही.

आणि एक सरळ अट घाला: प्रत्येक पाळीत मराठी समजणारं निदान एक माणूस हवं. बेळगाव परिसरात दोन्ही भाषा येणारे काळजीवाहक मिळणं अवघड नाही. मागणी केली तर केंद्र ठेवतं.

दिवसभर काय करतात, असं विचारलं तर ‘ॲक्टिव्हिटी’ म्हणतात. चांगला दिवस कसा ओळखायचा?

स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी 1969 मध्ये मांडलेलं तत्त्व अजूनही सगळ्यांत उपयोगी आहे: दिवसाची, आठवड्याची आणि वर्षाची लय इतरांसारखीच असावी. संध्याकाळी सहाला जेवण उरकून सातला सगळ्यांना झोपवणारं केंद्र कर्मचाऱ्यांच्या सोयीनं चालतं. रविवार सोमवारसारखा नको. गणपती, दिवाळी, शिवजयंतीची मिरवणूक, गावची लक्ष्मी यात्रा कॅलेंडरवर दिसली पाहिजे.

निवड किती मिळते ते बघा. चहा की दूध, निळा शर्ट की पांढरा, आत बसायचं की ओट्यावर. विचारताना दोन्ही वस्तू समोर धरतात का? नुसतं तोंडी विचारलं तर अनेक जण शेवटचा शब्द उच्चारतात आणि तीच निवड समजली जाते.

कामही खरं हवं. शेंगा सोलणं, ताटं मांडणं, झाडांना पाणी घालणं हे तीस वर्षांच्या माणसाला पहिलीच्या चित्रात रंग भरण्यापेक्षा शोभतं. विकायची वस्तू करवून घेत असतील तर मोबदल्याची नोंद मागा.

तिथे गेल्यापासून तो चिडतो, मारतो. केंद्र म्हणतं गोळी सुरू करू.

आधी शरीर तपासा. बोलता न येणाऱ्या माणसाची वागणूक अचानक बदलली तर ती दुखण्याची भाषा असते. याच क्रमानं बघा: दात, कान, पोट साफ होणं, लघवीला जळजळ, पायाला जखम किंवा कुरूप, डोळे, आणि स्त्रियांमध्ये पाळी. डाउन सिंड्रोम असेल तर वर्षातून एकदा थायरॉईड, आणि चाळिशीनंतर विसरभोळेपणा वाढला तर स्मृतिभ्रंशाची तपासणी. डाउन सिंड्रोममध्ये तो लवकर येतो.

बद्धकोष्ठता सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहते आणि जिवावर बेतू शकते. पाणी कमी, हालचाल कमी, त्यात रिस्पेरिडोनसारखी शांत करणारी औषधं आणि सोबत दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे पोट जड होणारच. प्रत्येकाचा संडासाचा तक्ता हवा: तारीख, किती, कडक की मऊ. तीन दिवस नोंद नसेल तर डॉक्टरांना कळवायचं. मध्येच पातळ झालं म्हणून जुलाब समजू नका, अडलेल्या खड्याच्या कडेनंही पातळ झिरपतं.

शरीर ठीक असेल तर पंधरा दिवस नोंद ठेवा: भडकण्याआधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय मिळालं. बहुतेक वेळा कारण सापडतं. शेजारचा ओरडतो, टीव्ही मोठा असतो, जेवणाची रांग लांबते.

त्यानंतरही औषध लागलं तर मनोविकारतज्ज्ञांनीच लिहावं, कागदावर कारण असावं, आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी ठरलेली असावी. सुरू करण्याआधी आणि नंतर वजन व उपाशीपोटी साखर मोजा. हात थरथरणं, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली, दिवसभर झोप दिसली तर लगेच कळवा. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका.

फिट येते. केंद्रानं काय केलं पाहिजे?

कुशीवर झोपवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, पाणी, बोट काही नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर 108. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि कुणाला देता येतो, हे रात्रीच्या माणसाला विचारून बघा.

फिट वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चुकलेली गोळी. महिन्याचा साठा संपत आला की किती दिवस आधी मागवतात? दर वेळी दुकानदार देईल ती कंपनी घेतात का? कंपनी सारखी बदलू नये. फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या सुजतात, त्यांना दातांचा डॉक्टर सहा महिन्यांनी हवाच. न्हाणीत स्टुलावर बसून बादलीनं आंघोळ, आणि विहिरीकडे, तळ्याकडे एकट्यानं नाही.

जेवताना ठसका लागतो. भाकरी बंद करायची का?

बंद नको, तिचं रूप बदला. कडक भाकरी, फोडणीचे शेंगदाणे, कोरडा चुरमुरा धोक्याचा. भाकरी आमटीत दहा मिनिटं कुस्करून भिजवली, भात मऊ केला, उसळ दाटसर ठेवली की बहुतेकांचं काम होतं. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, पहिला घास गिळल्यावरच दुसरा, जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आडव्या पडलेल्या माणसाला चमच्यानं भरवताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. दर पावसाळ्यात ‘छातीत कफ’ होत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

खरूज झालीय, जात नाही.

एकाला मलम लावून जात नाही. 5 टक्के परमेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर, सगळ्या राहणाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी, आठवड्यानं पुन्हा. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. धुता येत नाही ते पिशवीत बांधून तीन-चार दिवस बाजूला. दाखल होतानाच हिपॅटायटिस बीची लस घ्या: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे.

सुरक्षेसाठी कोंडून किंवा बांधून ठेवावं लागतं असं म्हणतात.

6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळीनं बांधलेले 28 मनोरुग्ण जळून गेले. बांधणं म्हणजे सुरक्षा नव्हे, याला आणखी पुरावा नको. पळून जाणारा असेल तर कंपाउंडचं फाटक बंद असावं, खोलीचं नाही. दाराला घंटी, खिशात पत्ता असलेलं कार्ड, आणि तो कुठे जायला बघतो त्याचा शोध. बऱ्याचदा तो रस्त्यावरची बस बघायला जातो. रोज संध्याकाळी नेऊन दाखवली की पळणं कमी होतं.

रात्री कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे, दुसरी कुठे, आणि आग लागल्यावर बाहेर पडायचा सराव शेवटचा कधी केला, हे विचारा.

मुलीला ठेवायचं आहे. गर्भाशय काढून टाका असा सल्ला मिळतो.

2016 च्या कायद्याचं कलम 10 सांगतं, व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व येईल अशी कोणतीही शस्त्रक्रिया करता येत नाही. प्रवेशाची अट म्हणून असं मागणाऱ्या केंद्रात मुलीला ठेवू नका. शस्त्रक्रियेनं पाळी थांबते, अत्याचार थांबत नाही, उलट तो लपायला मदत होते.

पाळीचं शिक्षण चार-सहा महिने घेतं. आईनं किंवा बहिणीनं स्वतःचं पॅड बदलताना दाखवायचं, मग बाहुलीवर, मग तिच्या चड्डीवर जिथे ठेवायचं तिथे रंगीत धाग्यानं खूण शिवायची. घट्ट बसणाऱ्या चड्ड्या घ्या. तारखांचा तक्ता केंद्रात असावा, अंगावरून जाणं, पोटात कळ यांची नोंद हवी. तिची आंघोळ, कपडे, रात्रपाळी यांसाठी स्त्री काळजीवाहकच, रजेच्या दिवशीसुद्धा.

मारलंय किंवा काही वाईट झालंय असा संशय आला तर?

अंगावरच्या खुणांचे तारखेसह फोटो घ्या. दंडाच्या आतल्या बाजूला, मांड्यांवर, कानामागे वळ असतील तर ते सहसा पडल्यानं होत नाहीत. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर आंघोळ घालू नका, कपडे कागदी पिशवीत ठेवा, थेट सरकारी रुग्णालयात न्या. प्रश्न एकदाच आणि उघडा विचारा: “काय झालं?” “त्यानंच केलं ना?” असं विचारलं तर तो हो म्हणेल, आणि पुढे तेच उत्तर निरुपयोगी ठरेल.

तातडीला 112. 2016 च्या कायद्याच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, ते सुटका आणि संरक्षणाचा आदेश देऊ शकतात. त्याच कायद्याच्या कलम 92 मध्ये दिव्यांग व्यक्तीवरच्या अत्याचारांना सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. लैंगिक गुन्ह्यात बौद्धिक अक्षम स्त्रीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाष्या किंवा विशेष शिक्षकासमोर, चित्रीकरण करून घ्यावा लागतो. मराठी दुभाष्या हवा असं लेखी द्या. तिचा जबाब कन्नडमध्ये उतरवून वाचून दाखवला तर तिला आणि तुम्हाला काय कळणार? मोफत वकिलासाठी 15100.

अठरा वर्षांनंतर आम्ही आईबाप असूनही कायदेशीर पालक नाही, हे खरं?

खरं. राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. आईबाप स्वतःसाठी किंवा नातेवाइकासाठी अर्ज करू शकतात. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. बहुतेक घरं हे विसरतात. केंद्राच्या संचालकाला पालक करणं शक्य तर टाळा. जो सांभाळतो आणि फी घेतो, त्याच्यावर लक्ष ठेवणारा दुसरा हवा.

सोबत दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड आणि न्यासाचा निरामय आरोग्य विमा (एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही) काढून ठेवा.

कोल्हापूर-सांगलीकडे मराठी केंद्र मिळालं तर तिकडे ठेवावं का?

भाषेचा प्रश्न सुटतो, कागदांचा वाढतो. यूडीआयडी आणि निरामय देशभर चालतात. कर्नाटकात दिव्यांगांना मिळणारं मासिक वेतन मात्र इथल्या पत्त्याला बांधलेलं असतं, पडताळणीला माणूस सापडला नाही तर ते अडकू शकतं. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेला 15 वर्षांचं वास्तव्य लागतं, ते लगेच मिळणार नाही. अनुदानित जागेला रहिवासी दाखला लागतो का ते आधी विचारा. पालकत्वाचा आदेश कानडीत असेल तर प्रमाणित मराठी भाषांतर जोडा. आणि दर महिन्याला कोण जाणार, हे ठरवल्याशिवाय अंतर वाढवू नका.

फीबद्दल काय विचारायचं?

डायपर, औषधं, दवाखान्यात सोबतचा माणूस, केस कापणं फीत आहे की वेगळं? सुट्टीला घरी नेलं तर किती वजा होतात? अनामत परत कधी? वाढ वर्षाला किती? आयुष्यभराची एकरकमी रक्कम मागितली तर देऊ नका. तेवढे पैसे गेले की माणूस हलवायची मुभा उरत नाही. त्याच्या खिशातल्या पैशाची वेगळी वही हवी, आणि तिच्यात वडापाव, पावडर, बसचं तिकीट असे खर्च दिसले पाहिजेत.

आमच्यानंतर त्याला कोण विचारणार?

हा प्रश्न तुम्ही असतानाच सोडवा. पहिले एक दिवस, मग एक रात्र, मग आठवडा, मग महिना, अशी सवय आईवडील हयात असताना व्हायला हवी. बापाच्या तेराव्यानंतर थेट केंद्रात नेलेला माणूस तिथे वर्षभर दाराकडे बघत बसतो.

घरातलं एक माणूस नावानिशी ठरवा, भाचा असो की शेजारीण. त्याच्याकडे महिन्याची एक न सांगता भेट, वजनाची नोंद बघणं आणि औषधांची चिठ्ठी वाचणं, एवढंच काम द्या. सहा महिन्यांत तीन किलो कमी झालं तर कारण विचारायचं.

आणि आई गेली तर त्याच्यापासून लपवू नका. “गावाला गेलीय” म्हटलं तर तो तिची वाट बघत राहतो आणि रोज संध्याकाळी चिडतो. साध्या शब्दांत सांगा: आई गेली, आता येणार नाही. दिवसांना त्याला घरी आणा, नैवेद्याचं पान त्याच्या हातून ठेवू द्या. परत जाताना तिचं एखादं मऊ पातळ त्याच्याबरोबर द्या, आणि परिचय-वहीत दोन्ही भाषांत लिहा, की हे त्याच्या उशाशी असू द्या आणि त्याला विचारल्याशिवाय धुवायला टाकू नका.